सोने गेले, चाक राहिले

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



समितीच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "काका, तुम्ही नुकतेच जाऊन आलात, अमेरिकेवर बोला." मी जरा विचारात पडलो. बेंगळुरूच्या या सभागृहात बसलेल्या निम्म्या मंडळींची मुले-मुली तिकडेच आहेत. नायगारा आणि डिस्नेलँड तुम्ही माझ्याआधी पाहिले आहेत. तेव्हा मी अमेरिकेवर बोलणार नाही. मी फक्त एका जिल्ह्यावर बोलणार आहे. तिथे आपल्यापैकी फारसे कोणी जात नाही, पण त्या जिल्ह्याचे आणि आपल्या सह्याद्रीचे एक नाते आहे. ते कोणते, हे शेवटी सांगतो.

हा जिल्हा म्हणजे कॅलिफोर्नियातील नेवाडा काउंटी. नावामुळे घोटाळा होतो. नेवाडा नावाचे राज्य वेगळे, ते शेजारी. 'नेवाडा' हा स्पॅनिश शब्द, अर्थ बर्फाच्छादित. गंमत म्हणजे हे नाव आधी या जिल्ह्यातल्या गावाने घेतले आणि राज्याने नंतर. काउंटीची स्थापना १८५१ सालची. क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या एक लाखाच्या थोडी वर. म्हणजे आपल्या बेंगळुरूच्या एखाद्या उपनगराएवढी माणसे एका अख्ख्या डोंगराळ जिल्ह्यात! पश्चिमेला ओकची झाडे असलेल्या टेकड्या, वर चढत गेले की पाइनची दाट अरण्ये, आणि पूर्वेला नऊ हजार फुटांपलीकडची शिखरे. ग्रास व्हॅली, नेवाडा सिटी आणि ट्रकी ही तीन गावे. बाकी सगळी खेडी आणि वाड्या.

माझी लेक आणि जावई सॅक्रामेंटोला असतात. तिथून दीड-एक तासाचा रस्ता. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा मी जावयांना म्हटले, "मला तिथले एक चाक पाहायचे आहे." त्यांना वाटले, सासरेबुवा जत्रेतल्या पाळण्याविषयी बोलताहेत! चाकाकडे येतोच, पण आधी सोन्याची गोष्ट.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे, एका लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल या सुताराला सोन्याचे कण दिसले. ही बातमी जगभर पसरली आणि १८४९ साली माणसांचा लोंढा लागला. म्हणून त्या लोकांना 'फॉर्टीनायनर्स' म्हणतात. आजही त्या सोन्याच्या पट्ट्यातून जाणाऱ्या हमरस्त्याचा क्रमांक ४९ आहे. सुरुवातीला सोने मिळे ते नदीच्या वाळूत. आपल्याकडे सराफकट्ट्यासमोरच्या गटारातली माती गाळून सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात ना, तसेच हे. पसरट थाळी, पाणी आणि दुखरी कंबर, एवढेच भांडवल.

माणसे कशी होती? तरुण, एकटी, घाईत असलेली आणि विनोदी. गावांची नावेच पाहा. एका वाडीचे नाव 'हंबग', म्हणजे शुद्ध थाप. सोन्याच्या गप्पा मोठ्या आणि हाती काही नाही, म्हणून हे नाव. पुढे तिथे खरेच सोने निघाले, गाव प्रतिष्ठित झाले आणि नाव बदलून 'नॉर्थ ब्लूमफील्ड' केले. दुसरे गाव 'रफ अँड रेडी'. खाणकामावरचा कर नको म्हणून या गावाने एप्रिल १८५० मध्ये चक्क अमेरिकेतून फुटून स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले! पुढे ४ जुलै आला, स्वातंत्र्यदिनाचा जल्लोष करायची वेळ आली, तेव्हा मंडळी निमूटपणे परत देशात सामील झाली. उत्सवासाठी माणूस काय काय मागे घेतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

ग्रास व्हॅलीत १८५३ ते १८५५ या काळात लोला मोंतेझ नावाची जगप्रसिद्ध नर्तकी राहत होती. स्वतःला स्पॅनिश म्हणवी, पण मूळची आयर्लंडची. तिच्या वडिलांचा मृत्यू आपल्या हिंदुस्थानात झाला होता आणि तिचे बालपणही काही वर्षे इथेच गेले होते. तिने घरी अस्वल पाळले होते. या काउंटीतील सर्वांत उंच शिखराला 'माउंट लोला' हे तिचे नाव आहे.

पण मंडळी, विनोदाच्या मागे दुसरी बाजूही आहे. ती सांगितली नाही तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. या डोंगरांत निसेनान नावाचे मूळचे लोक राहत होते. सोन्याच्या लोंढ्यानंतर थोड्याच वर्षांत रोगराई, उपासमार आणि हिंसा यांनी त्यांची वाताहत झाली. १९१३ साली नेवाडा सिटीजवळ त्यांना एक छोटी राखीव जागा मिळाली, तीही केंद्र सरकारने १९६४ साली रद्द केली. निसेनान लोक मात्र आजही तिथे आहेत आणि आपली भाषा जपताहेत. परदेशी खाणकामगारांवर १८५० साली दरमहा वीस डॉलरचा कर बसवला गेला. मेक्सिको आणि चिलीहून आलेली माणसे त्यात भरडली गेली. पुढे १८५२ पासूनच्या नव्या कराचा भार मुख्यतः चिनी लोकांवर पडला. पहिली आंतरखंडीय रेल्वे सिएरा पर्वत फोडून ट्रकीपर्यंत नेली ती चिनी मजुरांनीच. त्याच ट्रकी गावाने १८८६ साली चिनी लोकांवर बहिष्कार टाकून त्यांना हाकलून लावले. आपण परप्रांतात राहणारी माणसे आहोत. 'बाहेरचे' या शब्दाला धार कशी असते, हे आपल्याला समजते.

वाळूतले सोने लवकरच संपत आले. मग दोन वाटा निघाल्या. एक जमिनीखाली जाणारी, दुसरी डोंगर धुऊन काढणारी.

पहिली वाट ग्रास व्हॅलीची. तिथे १८५० साली गारगोटीच्या शिरांमध्ये सोने सापडले. कठीण खडकातली खाण खणायची तर कसबी माणसे हवीत. ती आली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून. तिथे कथील आणि तांब्याच्या खाणी पिढ्यान् पिढ्या चालत होत्या. तिथली 'एम्पायर माइन' १८५० पासून १९५६ पर्यंत चालली. ५८ लाख औंस सोने निघाले आणि जमिनीखालच्या बोगद्यांची एकूण लांबी ३६७ मैल भरली. आता ती सरकारी उद्यान आहे. बोगद्यांत पाणी भरले आहे आणि वर गुलाबाची बाग आहे. गावात आजही 'पेस्टी' मिळते. आपल्या करंजीसारखीच, पण तळहाताहून मोठी, आत मांस आणि बटाटा. खाणीत डब्यात न्यायला सोयीची.

इथे माझ्या मनात कोलार आले. आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. १८८० नंतर तिथे जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने खाणी चालवल्या, त्याही कॉर्नवॉलच्याच माणसांच्या हाताने. ग्रास व्हॅलीत पेस्टी खाणाऱ्याचा एखादा चुलतभाऊ कोलारच्या खाणीतही उतरला असेल. कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. तिथे गुलाबाची बाग झाली नाही. सायनाइडच्या मातीचे ढिगारे आणि रोज पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला कामाला येणारी माणसे उरली.

दुसरी वाट डोंगर धुण्याची. नेवाडा सिटीजवळ १८५३ साली एडवर्ड मॅटेसन नावाच्या माणसाने युक्ती काढली. उंचावरून पाणी आणायचे, नळीतून जोराने सोडायचे आणि टेकडीवर मारायचे. माती, दगड सगळे वाहून खाली येते आणि लाकडी पन्हळीत सोने अडकते. सोने पकडायला पन्हळीत पारा घालायचा. हळूहळू त्या नळीची तोफ झाली. तिला 'मॉनिटर' म्हणत. मैलोगणती पाट खोदले गेले, उंच डोंगरात तलाव बांधले गेले. कुठे किती पाणी सोडायचे हे कळवण्यासाठी १८७८ साली या काउंटीत सुमारे साठ मैलांची टेलिफोन लाइन टाकली. लांब पल्ल्याच्या जगातल्या पहिल्या लाइनींपैकी ती एक.

याच पाण्याने ते चाक जन्माला घातले, जे पाहायला मी गेलो होतो. लेस्टर पेल्टन हा ओहायोचा माणूस १८५० साली सोन्यासाठी आला. सोने काही मिळाले नाही, म्हणून सुतारकाम आणि यंत्रांची कामे करू लागला. त्या वेळच्या पाणचक्क्यांत पाण्याची धार सपाट फळीवर आदळे आणि उडून वाया जाई. पेल्टनने चाकाला जोड-वाट्या लावल्या, मधे धारदार कणा ठेवला. धार कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांत वळते आणि आपला सगळा जोर चाकाला देऊन जवळजवळ रिकाम्या हाताने खाली पडते. त्याला हे कसे सुचले याची एक दंतकथा सांगतात. एका गाईला हाकलायला त्याने पाण्याची धार मारली, ती तिच्या नाकपुड्यांमध्ये बसून दोन बाजूंना वळली, म्हणे! खरे-खोटे ती गाय जाणे. नेवाडा सिटीच्या ओतशाळेत ही चाके तयार झाली. पेटंट १८८० चे. ती ओतशाळा आज नाटके आणि गाण्याच्या मैफलींसाठी वापरतात.

ग्रास व्हॅलीत नॉर्थ स्टार खाणीचे जुने यंत्रघर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्यात १८९५-९६ च्या सुमाराचे तीस फूट व्यासाचे पेल्टन चाक उभे आहे. मंडळी, माझी नोकरीची सुरुवात सह्याद्रीतल्या एका जलविद्युत केंद्रावर झाली. मी उभे आयुष्य या चाकाच्या नातवंडांची देखभाल केली. खोपोलीला १९१५ साली मुंबईसाठी वीज निघू लागली ती पेल्टन चाकांवर, पुढे भिवपुरी आणि भिरा इथेही तेच. घाटमाथ्यावर पावसाचे पाणी साठवायचे, नळातून कोकणाच्या अंगाला सोडायचे आणि चाकावर मारायचे. मॉनिटरचीच ही रीत, फक्त डोंगराऐवजी चाकावर. त्या तीस फुटी चाकाच्या एका वाटीला मी हात लावला. जावयांनी फोटो काढला. खरे सांगतो, देवळात गेल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅलकॉफ डिगिन्सला गेलो. नेवाडा सिटीपासून पंचवीस-सव्वीस मैल, शेवटी कच्चा रस्ता. आणि समोर एक खड्डा. साधारण सात हजार फूट लांब, तीन हजार फूट रुंद आणि काही ठिकाणी सहाशे फूट खोल. लाल-पिवळ्या मातीचे सुळके, मधे शांत तळे. दृश्य सुंदर आहे, पण तो निसर्गाचा चमत्कार नाही. तो डोंगर होता. मॉनिटरने धुतला. रात्रीही काम थांबू नये म्हणून १८८० साली तिथे विजेचे दिवे लावले होते.

मग तो डोंगर गेला कुठे? खाली. युबा नदीतून सपाटीवरच्या शेतांत. नदीचे पात्र गाळाने वर आले, इतके की मेरीजव्हिल शहराच्या रस्त्यांपेक्षा नदीच उंच झाली. लोकांनी बांध घातले, ते फुटले. १८७५ च्या पुरात शहरात पाणी आणि चिखल शिरला. फळबागा गाळाखाली गाडल्या गेल्या. भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १९१७ साली हिशेब मांडला, तेव्हा सिएरातून धुतलेला हा माल पनामा कालव्याच्या खोदकामाच्या सुमारे आठ पट भरला.

खालच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली, तर वरचे म्हणाले, आम्ही आधी आलो, आमच्या सोन्यावर राज्य उभे आहे. शेवटी मेरीजव्हिलमधील मालमत्तेचे मालक वुडरफ यांनी नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश होते लोरेन्झो सॉयर. हे गृहस्थ स्वतः गोल्ड रशच्या काळातच कॅलिफोर्नियात आलेले आणि काही काळ नेवाडा सिटीत वकिली केलेले. म्हणजे वरच्यांच्याच गावचे. त्यांनी ७ जानेवारी १८८४ रोजी निकाल दिला. गाळ नदीत सोडायला कायमची मनाई. सोने काढण्याचा हक्क आहे, पण खालच्याच्या शेतात आपला डोंगर टाकण्याचा हक्क नाही. पर्यावरण हा शब्द आजच्या अर्थाने कोणी उच्चारण्याच्या आधीचा हा निकाल.

पण एक लक्षात घ्या. त्या निकालाने नॉर्थ ब्लूमफील्डचा कणा मोडला. जिथे हजाराहून अधिक लोक होते, शाळा होती, दुकाने होती, तिथे आज जपून ठेवलेली थोडी घरे आहेत. न्यायानेसुद्धा कोणाची तरी भाकरी जाते. ती गेलेली भाकरीही मोजली पाहिजे. आणि पारा? तो अजून गाळात आहे. तिथल्या काही तलावांतले मासे किती खावेत याच्या सूचना आजही असतात. वरच्यांचे कर्ज खालच्यांची पाचवी-सहावी पिढी फेडते आहे.

आज या काउंटीचा स्वभाव काय आहे? निवृत्त माणसे, चित्रकार, नाटकवाले, सुतार, थोडे शेतकरी. १९६८ साली परमहंस योगानंदांच्या एका शिष्याने इथे 'आनंद' नावाची वसाहत उभी केली. अमेरिकन कवी गॅरी स्नायडर १९७० च्या सुमारास याच डोंगरात घर बांधून राहिले. उन्हाळ्यात वणव्याची भीती, हिवाळ्यात वर बर्फ. आणि बहुतेक खेड्यांत पाणी येते ते स्वतःच्या विहिरीचे.

या विहिरींवरूनच ताजी गोष्ट घडली. ग्रास व्हॅलीजवळची आयडाहो-मेरीलँड ही १९५६ साली बंद झालेली खाण पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव एका कंपनीने आणला. सोने अजून आहे, नोकऱ्या मिळतील, असे कंपनीचे म्हणणे. खाणीतले पाणी उपसले तर आमच्या विहिरी आटतील, असे रहिवाशांचे म्हणणे. वर्षानुवर्षे वाद चालला. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउंटीच्या पाचही सदस्यांनी एकमताने प्रस्ताव फेटाळला. प्रकरण पुढे कोर्टात गेले. पण ज्या जिल्ह्याच्या दुकानांच्या पाट्यांवर आजही खाणकामगाराचे चित्र आहे, त्याने समोर आलेल्या सोन्याला 'नको' म्हटले. माझ्या मते ही त्या जिल्ह्याची खरी कमाई.

आता माझ्या स्वतःच्या हिशेबाकडे येतो. मी ज्या केंद्रावर होतो तिथे एक वयस्कर हेल्पर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांच्या आजोबांचे गाव धरणाखाली गेलेले. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरले की ते एक दिवसाची रजा टाकत. मी एकदा विचारले, "मामा, कुठे जाता दरवर्षी?" ते म्हणाले, "घराचा जोता उघडा पडतो साहेब. दिवा लावून येतो." मी "बरं" म्हणालो आणि रजेच्या अर्जावर सही केली. पुढे काही विचारले नाही. कोणते गाव, किती घरे, पुढे कुठे गेलात, काहीच नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, हे मी शाळेत वाचले होते. पण पुस्तकातला सत्याग्रह आणि माझ्या समोर उभे असलेले मामा यांची सांगड माझ्या डोक्यात कधी बसलीच नाही. मी दाब मोजत होतो, फेरे मोजत होतो, युनिट मोजत होतो. जोता कोणत्या मीटरवर मोजायचा?

मॅलकॉफच्या खड्ड्याच्या काठावर उभा असताना मला मामांचा तो दिवा आठवला. आदल्या दिवशी ज्या चाकाला मी हात जोडले, त्याची आणि या खड्ड्याची आई एकच, डोंगरावरून सोडलेले पाणी. वीज नको होती असे मी म्हणत नाही. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, माझे घर चालले, लेक शिकली. पण पाणी वळवणाऱ्याने एवढे तरी करावे की ज्याच्या अंगणातून ते गेले, त्याला नाव-गाव विचारावे. मामा आता हयात नाहीत. तो प्रश्न माझ्याकडून राहून गेला तो राहिलाच.

मंडळी, परवा आपण बाप्पाला निरोप देऊ. आपण जे पाण्यात सोडतो, ते खाली कुठेतरी कोणाच्या तरी दारात जातेच. तेवढे लक्षात ठेवून मूर्ती, रंग आणि निर्माल्य यांचा विचार समितीने पुढच्या वर्षीही करावा, एवढीच या म्हाताऱ्याची विनंती.



गणपती बाप्पा मोरया!